गुडघे टेकलेला उंट

शनिवारी भर दुपारी, लख्ख उजेडात, मी प्रार्थनामंदिराच्या आवारात शिरत होतो आणि माझं कपाळ दगडावर आदळलं. दगड आधी दिसलाच नाही. आधी आवाज आला, आणि तो माझ्या डोक्यातून आला की दगडातून, याचा मी क्षणभर विचार करत उभा राहिलो. ज्या जागेतून माणूस तीन वर्षं हातातल्या पुस्तकातून मान वर न करता ये-जा करतो, ती जागा रिकामी आहे हे त्याच्या खांद्यांना पाठ झालेलं असतं. मेंदीच्या कुंपणातली ती फट मला तशीच पाठ होती. मागच्या रविवारी तिथे हवा होती. आज तिथे विटांचे दोन खांब होते, त्यांच्यावर आडवी काळी शिळा होती, आणि शिळेची खालची कड माझ्या भुवयांच्या जरा वर येत होती. ओल्या सिमेंटचा वास येत होता. खांबांच्या दोन्ही बाजूंना भिंत नव्हती, तीच जुनी बकऱ्यांनी खाल्लेली मेंदी होती, म्हणजे या दारातून आत येण्याची कुणालाही गरज नव्हती. चार पावलं बाजूने गेलं की सरळ आत. कडुनिंबाखाली देवमन गवंडी भाकर खात बसला होता. तो उठला नाही. घास गिळून म्हणाला, "वाकून या नं मास्तर. वाकूनच याचं हाय थ्यातून. तुमीच तं सांगतलं."

मीच सांगितलं होतं हे खरं आहे, आणि त्या क्षणी माझ्या कपाळाला ते नाकारता येण्यासारखं नव्हतं. मी अमरावतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर आहे. राजापेठेत एका शिकवणीवर्गाच्या वर माझी खोली आहे, त्यामुळे संध्याकाळी खाली मुलं त्रिकोणमिती ओरडत असतात आणि वर मी जेवत असतो. आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक तीन गावं सांभाळतात. रविवारची उपासना आटोपली की ते सायकलवर टांग टाकून पुढच्या गावी जातात, आणि उपासनेनंतरचा मोठ्या माणसांचा शास्त्रवर्ग कुणी घ्यायचा हा प्रश्न मागे राहतो. मंडळीत बी.एस्सी. झालेला मी एकटा. ज्याला लंबकाचा दोलनकाल काढता येतो त्याला बायबलातल्या दाखल्याचा अर्थ काढता येणारच, असं पंचांनी ठरवलं, आणि मलाही त्या अनुमानात काही खोट दिसली नाही. आता कपाळाला हात लावून पाहिल्यावर दिसत होती.

वर्गात पुढच्या बाकावर सूर्यभानजी बसतात. चांदूर बाजारच्या वाटेवर त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे, आणि हंगामात त्यांच्या कोटालाही संत्र्याच्या सालीचा वास येतो. त्यांच्या मागे, बायकांच्या बाजूला, शकुनबाई बसतात. त्या सूर्यभानजींच्या धाकट्या भावाची, चंद्रभानची, विधवा. बगीचा दोघा भावांनी मिळून लावला. कलमं चंद्रभानने बांधली, पाणी त्याने दिलं, आणि कागदावर नाव थोरल्याचं लागलं, कारण त्या दिवशी पटवाऱ्याकडे थोरला गेला होता आणि धाकटा झाडांना पाणी देत होता. चंद्रभान गेल्यावर नाव तसंच राहिलं. शकुनबाई दवाखान्याच्या चादरी आणि उशांचे अभ्रे शिवतात, आणि भासऱ्यांशी थेट बोलत नाहीत. ही रीत त्यांच्या घराण्यात बाप्तिस्म्याच्या आधीपासूनची आहे. देव बदलला, गाणी बदलली, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी न बोलणं तेवढं शिल्लक राहिलं. जे सांगायचं ते त्या तिसऱ्या माणसाला सांगतात, सूर्यभानजीही तसंच तिसऱ्यातर्फे उत्तर देतात, आणि तिसरं माणूस बहुतेक वेळा हार्मोनियम वाजवणाऱ्या बेबीताई असतात. बेबीताई नसल्या तर शकुनबाई हार्मोनियमला सांगतात.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला वर्गात त्या श्रीमंत माणसाचा उतारा आला. तो प्रभूकडे येतो, लहानपणापासून सगळ्या आज्ञा पाळल्याचं सांगतो, आणि असेल नसेल ते विकून गरिबांना दे, असं ऐकल्यावर खिन्न होऊन निघून जातो. मग उंट येतो. श्रीमंताने देवाच्या राज्यात शिरण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं. त्या रविवारी वेळ संपली होती म्हणून मी उतारा नुसता वाचला आणि अर्थ पुढच्या खेपेला सांगतो म्हणालो. नुसतं वाचून सोडल्यावर काय होऊ शकतं याची मला कल्पना नव्हती. सगळे उठले तरी सूर्यभानजी बाकावरून उठेनात. नंतर कडुनिंबाखाली, सगळ्यांच्या देखत, ते म्हणाले, "बेबीताई, शकुनले सांगा. विहिरीकडचा अर्धा बगीचा तिचा. नाताळाच्या आदी नावावर करून देतो." शकुनबाई हातभर अंतरावर उभ्या होत्या. त्या बेबीताईंना म्हणाल्या, "सांगा त्यायले, आयकलं."

पुढच्या रविवारी सूर्यभानजींचा चेहरा मी परीक्षेच्या तोंडी भागात अनेकदा पाहिला आहे तसा झाला होता: उत्तर येत आहे, पण ते द्यावं लागू नये अशी मनापासून इच्छा असलेल्या विद्यार्थ्याचा. मला त्यांची कीव आली हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण कीव एकटी आली नव्हती. वर्गात खडू हातात घेतला की माझ्या अंगात काहीतरी संचारतं. समोरच्यांना ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे या जाणिवेला एक ऊब असते, थंडीत बर्नरजवळ उभं राहिल्यासारखी. आणि मला फाटक आठवलं. अकोल्याच्या मिशनच्या वसतिगृहात मी लहान असताना आमचे वामनराव गुरुजी ते फळ्यावर काढत. यरुशलेमेच्या कोटाला एक लहानसा दरवाजा होता, त्याला लोक सुईचं नेढं म्हणत, मोठी वेस बंद झाल्यावर उशिरा पोचलेल्या उंटाला पाठीवरचं ओझं उतरवून, गुडघे टेकून त्यातून आत जावं लागे. गुरुजींचा उंट कुत्र्यासारखा दिसे, पण गुडघे मात्र झकास. मी तोच फळा पुन्हा काढला आणि त्यात सुधारणा केल्या. दरवाज्याचा छेद काढला. बाण काढले. उंचीपुढे पाच फूट आणि रुंदीपुढे दोन फूट लिहिलं. पाचच का, हे मला आजही सांगता येणार नाही. पाच त्या जागी बरे दिसत होते. सूर्यभानजी पुढे वाकून पाहत होते. त्यांनी विचारलं, "म्हंजे उंट जाते?" मी म्हणालो, जातो. "अन् ओझं?" मी म्हणालो, ओझं उतरवायचं, आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा चढवता येतं. हे शेवटचं वाक्य मला वामनरावांनी शिकवलेलं नव्हतं. ते माझं स्वतःचं संशोधन.

त्यांचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचा अभिमान वाटला. वर्ग सुटल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सांगितलं की असं एक फाटक आपल्या मंडळीलाही पाहिजे, म्हणजे येणाराजाणारा नम्र होईल. मी ते बोलण्याच्या ओघातलं समजलो. बगीच्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही, त्याच्या पुढच्या रविवारीही निघाला नाही, आणि मी तो काढला नाही, कारण तो माझा विषय नव्हता. मी अर्थ सांगणारा होतो. परिणाम मोजायला मी फक्त प्रयोगशाळेत शिकलो होतो.

शकुनबाई त्या शनिवारी दुपारी आत होत्या, वेदीवरच्या नव्या कापडाला काठ लावत होत्या. माझं टेंगूळ पाहून त्यांनी घड्यातलं पाणी कापडावर ओतलं आणि ते माझ्या कपाळावर दाबून धरलं. पाणी नाकावरून खाली ओघळत होतं आणि मला डोळे मिटून घ्यावे लागले होते. मग त्या अगदी सावकाश, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगताहेत अशा, म्हणाल्या, "मास्तर, राग नका मानजा. पन तुमच्या उंटानं माहा बगीचा खाल्ला." नंतर कळलं की स्वतःच्या पैशाने हे फाटक बांधायला देतानाच सूर्यभानजींनी बेबीताईंना निरोप दिला होता: ते अर्ध्या बगीच्याचं आपण घाबरून बोलून गेलो, शास्त्राचा खरा अर्थ तेव्हा आपल्याला माहीत नव्हता. उद्या तिन्ही गावांची उपासना दुसऱ्या गावी एकत्र होती, आणि फाटकाचं समर्पण त्याच्या पुढच्या रविवारी ठरलं होतं. मला आठ दिवस होते.

त्या संध्याकाळी खाली मुलं साइन-कॉस करत असताना मला माझा एक विद्यार्थी आठवत राहिला. त्याने लंबक एकदाही न हलवता गुरुत्वत्वरणाचं उत्तर पुस्तकातल्याइतकं अचूक आणलं होतं, आणि मी त्याच्या जर्नलात तांबड्या शाईने लिहिलं होतं: निरीक्षणं कुठे आहेत? तो मुलगा मान खाली घालून उभा होता, त्याच्या मानेला पावडरचा वास येत होता, आणि मी त्याला सत्य या विषयावर एक लहानसं व्याख्यानसुद्धा दिलं होतं. आता मी स्वतःच्या मनात निरीक्षणं शोधू लागलो तर फळा सापडत होता. वसतिगृहातला ओल्या घोंगड्यांचा वास, खडूची भुकटी, गुरुजींच्या कोपराला फाटलेला कोट, आणि त्या सगळ्याच्या मधोमध फाटक, इतकं स्पष्ट की मी त्याच्या चिरा मोजू शकलो असतो. अमरावतीच्या अंबागेटातून मी हजारदा गेलो आहे आणि त्याची कमान मला डोळे मिटल्यावर इतकी नीट दिसत नाही. पण आठवण स्पष्ट असणं हे आठवणीचं माप आहे, फाटकाचं नाही. एवढं कळायला मला टेंगूळ यावं लागलं. मी कॉलेजच्या वाचनालयात त्या जुन्या शहराचे नकाशे धुंडाळले. कोटाच्या वेशींची नावं मिळाली, मेंढ्यांची वेस मिळाली, मासळीची मिळाली, उकिरड्याचीसुद्धा मिळाली. नेढं कुठेही नव्हतं. मंगळवारी सायकल काढून बडनेऱ्याच्या रस्त्यावर गेलो, तिथे काठेवाडी मेंढपाळांचा तळ पडला होता, आणि एका उंटासमोर जाऊन उभा राहिलो. उंट गुडघे टेकतो हे खरं आहे. गुडघे टेकून तो खाली बसतो आणि रवंथ करतो. पुढे सरकत नाही. मी इतका वेळ त्याच्या गुडघ्यांकडे पाहत होतो की मालकाला वाटलं मला उंट विकत घ्यायचा आहे, आणि त्याने भाव बराच खाली आणला.

गुरुवारी रजा टाकून मी अकोल्याला गेलो. वामनराव गुरुजी आता सेवानिवृत्त आहेत. उमेदीची वर्षं बार्शीटाकळीच्या बाजूच्या खेड्यांतून पायी हिंडण्यात गेल्याने त्यांचा उजवा गुडघा कामातून गेला आहे, आणि ते अंगणात पांढऱ्या विलायती कोंबड्या पाळतात. मी गेलो तेव्हा एका कोंबडीच्या पायाला आयोडीन लावत होते. माझ्या कपाळाचं काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सुईचं नेढं लागलं, आणि सगळं सांगितलं. ते इतके हसले की कोंबडी सुटून गेली, आणि ती पकडेपर्यंत पुढचं बोलणं थांबलं. फाटकाची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली, असं मी विचारलं. त्यांना मिशनच्या जुन्या साहेबाने सांगितली होती. साहेब यरुशलेमेला गेला होता का? गेला नव्हता. पण विलायतेहून येताना त्याची बोट सुएझला थांबली होती आणि त्याने डेकवरून उंट पाहिले होते. पोट बिघडल्यामुळे तो खाली उतरला नव्हता. आणि साहेबाला कुणी सांगितली? गुरुजींनी कोंबडी मांडीवर उलटी धरत विचार केला आणि म्हणाले, त्याच्या सासऱ्याने सांगितली असेल, सासराही प्रचारक होता. मी मनात साखळी मांडत होतो: मी, गुरुजी, डेकवरचा साहेब, साहेबाचा सासरा. प्रत्येकाने मागच्यावर विश्वास ठेवला होता, आणि सगळ्यात मागे कुणी नव्हतं.

"पुस्तक हाय का खिशात?" गुरुजींनी विचारलं. "काढ. उंटाची ओळ वाच. आता थ्याच्या पुढची वाच."

मी वाचली. हे ऐकून शिष्य फारच थक्क झाले आणि म्हणाले की असं असेल तर तारण कुणाचं होणार.

"मंग सांग मले. उंट जर गुडघे टेकून जाऊन राहिला होता, तं हे लोक एवढे घाबरले काहून?"

मला आठवतं, समोरच्या भिंतीवर कोंबड्यांच्या सावल्या हलत होत्या आणि मी त्या पाहत राहिलो. ओळ त्याच पानावर होती. मी नकाशे पाहिले होते, उंट पाहिला होता, आगगाडीचं तिकीट काढलं होतं, आणि बोटभर खाली असलेली ओळ वाचली नव्हती. तुम्हाला हे कधी कळलं, असं मी त्यांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले की पेन्शनीत आल्यावर. शिकवत होते तेव्हा पुढची ओळ वाचायला वेळच होत नसे, फाटकापाशीच घंटा व्हायची. मग हसणं थांबवून त्यांनी आयोडीनच्या बाटलीला बूच लावलं. "सोतासाठी वाचशीन अन् चुकशीन, तं तुह्यं कपाळ फुटन. दुसऱ्याले शिकवताना चुकशीन, तं दुसऱ्याचं फुटते, अन् तुले दिसत बी नाई." माझा हात आपोआप टेंगळाकडे गेला. ते म्हणाले, तुझ्यावर देवाची विशेष कृपा दिसते, तुला निदान लागलं तरी.

मी उठलो आणि म्हणालो की रविवारी वर्गात उभा राहून सूर्यभानजींना सांगतो, बगीचा द्यावाच लागेल. तेव्हा गुरुजी रागावले. वसतिगृहात मी भांड्यातला गूळ खाल्ला होता तेव्हा रागावले होते तसे. "हे कोनी सांगतलं तुले? थ्या पानावर शकुनचं नाव हाय? आदी तू शास्त्राच्या वचनाले सूर्यभानचा वकील केला, आता शकुनचा करून राहिला. लिहिलं हाय थेवढं वाच. मागचं-पुढचं वाच. माहीत नाई थे माहीत नाई म्हन. अन् मंग बस खाली. बसनं लय कठीण हाय, रवी. मले तीस वर्सात जमलं नाई." परतीच्या गाडीत मी बसण्याचा विचार करत होतो. खिडकीबाहेर कपाशी फुटली होती. समोरचा माणूस मला विचारत होता की तुम्ही कुठे उतरणार, आणि मी त्याला म्हणालो, माहीत नाही. सराव म्हणून बोलून पाहिलं. त्याने माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि आपली पिशवी जवळ ओढून घेतली.

रविवारी फाटकाचं समर्पण झालं. पाळकांनी छोटी प्रार्थना केली, वाकून आत गेले, आणि त्यांची सायकल हँडलपाशी अडली म्हणून ती कुंपणाच्या भगदाडातून आणावी लागली. हार्मोनियमही भगदाडातूनच आलं. बेबीताई हट्टाने फाटकातून आल्या. त्या अंगाने भरलेल्या आहेत आणि रुंदी मी दोन फूट लिहिली होती. मधोमध त्या क्षणभर थांबल्या, सगळ्या मंडळीने श्वास धरला, मग त्या तिरप्या झाल्या आणि सुटल्या. फक्त बकऱ्या न वाकता गेल्या. सूर्यभानजी धुवट धोतर, कोट आणि काळी टोपी घालून फाटकापाशी उभे होते आणि प्रत्येक वाकलेल्या पाठीकडे समाधानाने पाहत होते. मी वाकलो तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला पुढचा तासभर तिथेच जाणवत राहिला.

उपासना संपून पाळक निघून गेल्यावर मी वर्गासमोर उभा राहिलो आणि खडू घेतला नाही. मी सांगितलं की यरुशलेमेच्या त्या फाटकाचा कुठेही पुरावा मिळत नाही. मी ते लहानपणी ऐकलं होतं, तपासलं नव्हतं, आणि पाच फूट हा आकडा माझ्या मनचा होता. बाहेर देवमनचं थापी खरवडणं ऐकू येत होतं. त्यालाही माझं बोलणं ऐकू गेलं असावं, कारण खरवडणं थांबलं. सूर्यभानजी म्हणाले, "पुरावा नाई म्हंजे फाटक नव्हतंच, असं हाय काय?"

मला प्रामाणिकपणे म्हणावं लागलं की नाही, नुसत्या तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा थोडा उजेड आला, आणि तो मीच आणला होता. मग मी पुढची ओळ वाचली. शिष्य थक्क झाले ती. आणि गुरुजींचा प्रश्न, मराठीच्या पुस्तकी वळणाने, वर्गाला विचारला. सूर्यभानजी बाकाच्या कडेवर नख घासत होते. मग त्यांनी विचारलं, "सुई कोनती होती? दाभन असन. पोती शिवायचं."

"माहीत नाही," मी म्हणालो. "सुई, एवढंच लिहिलंय."

मागच्या बाकावरून शकुनबाई बेबीताईंना म्हणाल्या की त्यांना सुई दाखवा. पदराला टोचलेली सुई त्यांनी काढली. ती बेबीताईंच्या हातातून माझ्या हातात आणि माझ्या हातातून सूर्यभानजींच्या तळहातावर गेली. अभ्रे शिवायची बारीक सुई होती. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला. सुई खिडकीकडे धरली, एक डोळा मिटला, मग दुसरा. "याचं नेढं कोनत्या बाजूले हाय?" त्यांनी विचारलं, आणि त्यात विनोद नव्हता. कुणीतरी हसलं आणि मग खोकला आल्यासारखं केलं. "मंग मी काय करू, मास्तर?"

हाच तो क्षण होता. मला काय म्हणायचं ते तयार होतं, एक लहानसं वाक्य, त्यात विहीरही होती आणि बगीचाही होता, आणि शकुनबाई माझ्याकडे नाही, समोरच्या बाकाच्या पाठीकडे पाहत होत्या. वाक्य जिभेवर आलं तेव्हा पुन्हा ती ऊब वाटली, बर्नरजवळची. तीच ऊब. मी तिला ओळखलं. मी पुस्तकात पाहिलं आणि तिसरी ओळ वाचली: माणसांना जे अशक्य आहे ते देवाला अशक्य नाही. ती वाचताना मला दिसत होतं की हिच्यातूनही एक फाटक निघू शकतं, आणि सूर्यभानजींना हवं असेल तर ते त्यातून सुखरूप निघून जातील, ओझ्यासकट. पण ओळ तिथे होती. ती वगळायचा मला अधिकार नव्हता. "अन् बगीच्याचं?" ते जवळजवळ स्वतःशीच म्हणाले. मी म्हणालो, ते इथे लिहिलेलं नाही. आणि बसलो. गुरुजी खरं सांगत होते. खुर्ची फार खाली होती.

सूर्यभानजी उठले. दोन बोटांत सुई डोळ्यांसमोर धरून, नेढं शोधत, ते दाराबाहेर पडले आणि पायवाटेने फाटकाकडे चालू लागले, आणि आम्ही सगळे काही न ठरवता त्यांच्या मागून निघालो. ते सुईकडे पाहत होते. वाकायचं विसरले. आवाज झाला, तो मी या वेळी बाहेरून ऐकला, आणि माझा आठ दिवसांचा प्रश्न सुटला: दगडातून काही येत नाही, आवाज डोक्यातूनच येतो. टोपी पडली. त्यांनी कपाळाला हात लावला नाही. "सुई पडली," ते म्हणाले, जणू आणखी काही झालंच नव्हतं. मग एक हात खांबाला टेकून, कण्हत, आधी एक गुडघा आणि मग दुसरा त्यांनी जमिनीवर टेकला आणि फाटकाच्या ऐन मधे ते धुळीत तळहात फिरवू लागले. त्यांच्यामुळे वाट बंद झाली होती. शेजारी कुंपणाला हवी तेवढी भगदाडं होती, पण कुणी बाजूने गेलं नाही. खाली मान घालूनच ते म्हणाले, "बेबीताई, शकुनले सांगा. विहिरीकडचा अर्धा. म्हनलो होतो थे म्हनलो होतो. मंगळवारी पटवाऱ्याकडं जाऊ." धुळीत हात फिरत राहिला. "पन ओलिताची पाळी पयली माही."

बेबीताईंनी तो निरोप कुणालाच दिला नाही. त्या माझ्याकडे पाहत होत्या. सगळेच माझ्याकडे पाहत होते. देवमनसुद्धा, हातातली थापी तशीच धरून. पाच फूट उंच, दोन फूट रुंद, आणि मधे, टोपी पडलेली, गुडघे टेकलेला. फळ्यावरच्या आकृतीपेक्षा फक्त बाण कमी होते. माझं तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं.

शकुनबाई पुढे झाल्या. एका पावलावर थांबल्या, पदर सारखा केला, आणि बेबीताईंकडे न पाहता म्हणाल्या, "दादा, गुडघा उचला. सुई थ्याच्याखाली हाय."